मी येईपर्यंत खटका सोडू नकोस

स्कोगलंड, नॉर्थ डकोटा
८ जानेवारी १९९०

मिस्टर डेलमार ह्रुस्का यांस,

आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलेलं नाही. एकदा भेटलो आहोत, १९७८ साली, तुमच्या आयोवातल्या रेडिओवाल्यांच्या मेळाव्यात. मी बराच वेळ गाडीत बसून विणत होते, त्यामुळे तुम्हाला आठवत नसेन. मी आर्डिस, व्हर्लिन क्वामेची बायको. रोज सकाळी साडेसहाला रेडिओवर तुमच्याशी बोलणारा तो व्हर्लिन.

तो गेल्याचं तुम्हाला कळलंच होतं. तुमचं कार्ड मिळालं.

सोबतच्या खोक्यात त्याचा रोटर आहे. तुमच्या लेखी ते मोठं यंत्र असेल, माझ्या लेखी टॉवरच्या डोक्यावरचा लोखंडी हंडा. खाली खोलीत बसून खटका दाबायचा आणि वर याने अँटेनाचं तोंड हवं तिकडे फिरवायचं, एवढं मला एकोणीस वर्षांत समजलं. फार्गोच्या क्लबची माणसं नोव्हेंबरात येऊन सगळं उतरवून गेली. डेव्हिल्स लेकच्या एका शाळामास्तरांना टॉवर आणि अँटेना हवी आहे, पण रोटर चालत असेल तरच. व्हर्लिन म्हणायचा की मिसिसिपीच्या अलीकडे-पलीकडे रोटर उघडावा तर तो डेलनेच.

एक विनंती आहे. उघडल्यावर आत जे काय दिसेल ते मला लिहा. सगळं लिहा. नुसता दुरुस्त करून परत पाठवू नका.

मी ठीक आहे. चर्चच्या बायकांनी आणलेली जेवणाची अकरा भांडी, सगळी हॉटडिशच, फ्रीझरमध्ये होती, आता चार उरलीत. भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर त्यांची नावं आहेत. भांडी परत करायची तर आधी ती रिकामी करायला हवीत, म्हणून जेवते. रडलेली नाही. पास्टर म्हणाले, येईल हो रडू, वेळ लागतो. मी म्हटलं, आलं तर त्याच्यासाठी कॉफी टाकीन. त्यांना हसावं की नाही ते कळेना.

तळघराचं दार नवीन करून घेतलं. बाकी विशेष नाही.

फोन करू नका. फोनवर लोक धीर देतात आणि मला मग त्यांना धीर द्यावा लागतो.

आपली,
आर्डिस क्वामे


सेडर बेंड, आयोवा
१९ जानेवारी १९९०

मिसेस क्वामे,

खोकं पोचलं. आमचा पोस्टमन ते पायरीवर आदळून म्हणाला, "डेल, एक दिवस तुझ्या या लोखंडापायी माझी कंबर जाईल आणि सरकार तुला धरेल." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या आधी माझी गेलीय. फोनची काळजी नको. माझे कान हेडफोन लावूनच चालतात, फोनवर मला माझ्या बायकोचं, बर्निसचं, माहेरही ऐकू येत नाही.

तुम्ही मला आठवता. निळी गाडी, पिवळी लोकर. बर्निसने तुम्हाला कोलाचे, तिचे ते जर्दाळू भरलेले गोड पाव, नेऊन दिले होते आणि तुम्ही त्यातले दोन व्हर्लिनसाठी रुमालात बांधून ठेवलेत. त्याने ते नंतर माझ्यासमोरच खाल्ले, मला अर्धाही दिला नाही.

अंत्यविधीला मी आलो नाही. कंबरेचं कारण सांगितलं होतं, आणि कंबर खरंच धरली होती. बावीस वर्षं रोज बोललो त्याच्याशी. प्रत्यक्ष भेट फक्त दोनदा. असं कुणाला सांगितलं तर लोकांना ती मैत्री वाटत नाही.

माझ्या तळघरात सध्या सतरा रोटर रांगेत आहेत. लोक काय काय करतात विचारू नका. मिनेसोटाच्या एकाने थंडीत ग्रीस घट्ट होतं म्हणून आत मार्गारीन भरलं. जूनमध्ये ते वितळून खाली त्याच्या सासूबाईंच्या टोपीवर. दुसऱ्याने रोटर सुंदर हिरवा रंगवला, पाणी निथळायचं भोकसुद्धा रंगाने बुजवलं. पहिल्या गोठणीला आत बर्फ होऊन कवच दुभंगलं. तिसऱ्याने शंभर फूट उंचीवर दारावरच्या घंटीची बारीक तार नेली आणि मला लिहिलं, तुमचा दुरुस्त केलेला रोटर आळशी आहे. म्हणून मी प्रत्येकाला पहिलं एकच सांगतो: टॉवरला हात लावायच्या आधी, खाली टेबलाशी बसून, तारांना मीटर लावून बघ. दोन मिनिटांचं काम. जिवंत काय आणि मेलंय काय ते तिथेच कळतं. व्हर्लिन मला मीटरबुवा म्हणायचा.

तुमचा नंबर लागला की उघडतो.

तुमचा,
डेलमार ह्रुस्का


स्कोगलंड
६ फेब्रुवारी १९९०

मिस्टर ह्रुस्का,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मार्गारीनचं वाचून हसू यायला हवं होतं. ते विनोदी आहे हे मला दिसलं, एवढंच.

आत काय दिसतं ते लिहा असं मी म्हणाले होते. का, ते सांगितलं नाही. सांगायला हवं, नाहीतर तुम्ही नेमकं तेच बघणार नाही.

ऑगस्टपासून तो रोटर अडकला होता. अँटेनाचं तोंड आग्नेयेला, म्हणजे तुमच्या घराकडे. मी व्हर्लिनला चिडवायचे, तुझ्या मित्राकडेच टक लावून बसलाय. त्याला हसू यायचं नाही, कारण ऑक्टोबरअखेर हिंदी महासागरातल्या त्याच्या बेटावर काही रेडिओवाले जाऊन बसणार होते, जेमतेम नऊ दिवस. रेडिओवर जिथे जिथे बोलायचं त्या त्याच्या यादीत तेवढंच एक बेट राहिलं होतं. आणि त्यासाठी अँटेना उत्तरेला हवी होती. मी म्हटलं, बेट दक्षिणेला आणि तोंड उत्तरेला? तर त्याने संत्रं घेतलं, त्यावर पेनने दोन ठिपके काढले आणि जवळची वाट ध्रुवावरून कशी जाते ते दाखवलं. नंतर ते संत्रं मीच खाल्लं, पेनची शाई सोडून.

पंचवीस तारखेला, बुधवारी, जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आर्डिस, वर जातो. तू आत खोलीत बस. ब्रेकचा खटका दाबून धर. मी येईपर्यंत खटका सोडू नकोस."

मी म्हटलं, "मी खाली उभी राहते की." एकोणीस वर्षं तो चढला की मी खाली उभी असायचे. पट्टा लावलास का, पट्टा लावलास का, एवढंच माझं काम.

"तुझं ओरडणं मला नको, बोट हवंय," म्हणाला. "डेलने सांगितलेली युक्ती आहे. खाली एकाने ब्रेक धरायचा, वर दुसऱ्याने ठोकायचं."

मग मी खटका दाबून बसले. तुम्हाला माहीतच असेल, ब्रेक सुटला की वर ठक्क होतं. आमचा टॉवर घराच्या भिंतीला बांधलेला, त्यामुळे तो आवाज घरात उतरतो. एकोणीस वर्षं मी तो स्वयंपाकघरात ऐकला आहे. त्या दिवशी बराच वेळ काही नाही. मग मोठ्याने ठक्क झालं. मला बरं वाटलं. मी मोठ्याने म्हणालेसुद्धा, सुटला एकदाचा.

तो येईपर्यंत सोडायचं नव्हतं, म्हणून मी धरून बसले. अंगठा दुखायला लागला तेव्हा दुसरा अंगठा त्यावर ठेवला. टपालवाला लॉयड आत आला. तो माझं नाव घेत होता. मी म्हटलं, जरा थांब लॉयड, व्हर्लिनने सोडू नको म्हटलंय. किती वेळ धरून बसले होते कोण जाणे. लॉयड म्हणतो त्याने माझा हात उचलून बाजूला केला. उजव्या अंगठ्याला अजून स्पर्श कळत नाही. डॉक्टर म्हणाले त्यात काही नाही.

सकाळी मी कपडे वाळत घातले तेव्हा अँटेना आग्नेयेकडे होती. लॉयडबरोबर बाहेर आले तेव्हा उत्तरेकडे होती. खटक्याच्या खोक्यावरची दिशेची सुई हलली का ते मी पाहिलं नव्हतं, चष्मा स्वयंपाकघरात होता.

तर विचारायचं ते हे. मी खटका धरल्यामुळे ती फिरली का? तो वर असताना मी ती अँटेना त्याच्या अंगावर फिरवली का? फिरवली असेल तर फिरवली असं लिहा. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही.

आर्डिस क्वामे


सेडर बेंड
२० फेब्रुवारी १९९०

मिसेस क्वामे,

रोटर उघडला. आत नुसता गंज. पाणी शिरलेलं, सगळं एकात एक धरलेलं. त्यावरून त्या दिवशी काय झालं आणि काय नाही ते सांगायला काही मार्ग नाही. खरंच नाही. अशा गोष्टी कधीच नक्की कळत नाहीत आणि मला वाटतं तुम्ही त्यावर फार विचार करू नये.

हा दुरुस्त होण्यासारखा नाही. माझ्या फळीवर याच जातीचा एक चांगला आहे, तो मी मास्तरांना थेट पाठवतो. त्याचं काही देणंघेणं नको, व्हर्लिनचं म्हणून समजा.

बर्निस नमस्कार सांगते. तब्येतीला जपा.

डे. ह्रुस्का


स्कोगलंड
४ मार्च १९९०

मिस्टर ह्रुस्का,

तुम्ही भले आहात. व्हर्लिन नेहमी म्हणायचा, डेलला कुणाला वाईट सांगता येत नाही, फक्त रोटरला सांगता येतं.

पहिल्या पत्रात तुम्ही तीन रोटरचे तीन किस्से लिहिलेत. कुठे काय भरलं, कुठे काय बुजलं, टोपी कुणाची. आणि व्हर्लिनच्या रोटरबद्दल "नुसता गंज". म्हणजे काय ते मला समजलं. तुम्ही लिहिलं नाहीत, तरी उत्तर मिळालं. आभारी आहे.

ती फिरली. मी फिरवली. आता माहीत आहे तर मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही. भांडी घासली. बाहेर उणे बावीस होतं आणि मास्तरांचं पत्र आलं की रोटर मिळाला, छान फिरतो.

फक्त एक काम उरकायचं आहे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या कबरीवर जोडदगड घालतात, तुमच्याकडेही असेल. एक माणूस गेला की दोघांची नावं एकदमच कोरून घेतात, मागे राहिलेल्याचं फक्त शेवटचं साल कोरं ठेवतात. नोव्हेंबरात मुलीने सगळं ठरवलं. डावीकडे व्हर्लिन, उजवीकडे आर्डिस, मध्ये गव्हाची पेंडी. दर रविवारी चर्चमधून बाहेर पडलं की मला माझं नाव दिसतं, त्याच्या शेजारी, जसं काही झालंच नाही.

दगडवाल्या एंगेब्रेट्सनला मी फोन केला की माझं नाव घासून काढता येईल का. तो म्हणाला, "काय चूक झालीय का, स्पेलिंगची?" मी म्हटलं, स्पेलिंग बरोबर आहे. मग वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करू म्हणाला. मला दुसरीकडे पुरा असं मी मुलीला लिहून ठेवलं आहे, कारण लिहिलेलं नाही. तिच्या आजोळच्या बाजूला जागा आहे. जिने त्याला पाडलं तिने त्याच्या कुशीला जाऊन पडायचं, हे मला जमणार नाही.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी विचारलेल्याचं तुम्ही उत्तर दिलंत.

आर्डिस क्वामे


सेडर बेंड
११ मार्च १९९०

आर्डिस,

नावाने हाक मारतोय, राग मानू नका. हे पत्र मिसेस क्वामेंना लिहिण्यासारखं नाही.

तुमचं पत्र बर्निसने वाचलं. मी ते टेबलावर ठेवून तळघरात जाऊन बसलो होतो, तिला कळलं की काहीतरी आहे. ती जिन्यावरूनच ओरडली, "डेलमार, त्या खोक्यात काय होतं?" मी सांगितलं. सगळं. तेव्हा ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "म्हणजे तुझी लाज झाकायला त्या बाईने आपलं नाव दगडावरून खरवडून काढायचं? वर ये आणि पेन घे. जेवण नंतर."

मी खोटं लिहिलं. रोटरमध्ये नुसता गंज नव्हता. तो मी अठ्ठावीस जानेवारीलाच उघडला होता, आणि पाच मिनिटांत सगळं कळलं होतं.

या पत्राबरोबर कॉफीचा एक डबा आहे. हळू उघडा. कापसात मातीचा एक गोळा आहे, त्याला लहान लहान नळ्या आहेत. ते कुंभारणीचं घर आहे, मातीची घरं करणारी ती काळी माशी. ती उन्हाळ्यात रोटरच्या पोटातल्या भोकातून शिरते. ब्रेक म्हणजे एक लोखंडी पाचर असते, ती दातेरी कड्यात रुतून अँटेनाला जागच्या जागी धरून ठेवते. खटका दाबला की एक कॉइल त्या पाचरीला मागे ओढते, आणि त्याचाच तो ठक्क. या कुंभारणीने आपलं घर बरोबर पाचर आणि कडं यांच्या सांध्यावर बांधलं होतं. अर्धं पाचरीवर, अर्धं कड्यावर. आणि ते अखंड होतं, आर्डिस. एक चीरसुद्धा नव्हती. पाचर गव्हाच्या दाण्याएवढी हलली असती तरी त्याचा भुगा झाला असता. मी ते सुरीने अलगद सोडवलं.

डब्यात तांब्याच्या तारेचं एक काळं वेटोळंही आहे. ती कॉइल. वास घेऊन बघा, अजून येतो. पार जळलेली आहे. व्हर्लिनने ऑगस्टमध्ये अडकलेल्या ब्रेकवर खटका दाबून दाबून तिला जाळली. म्हणजे तुमच्या खटक्याला ऑक्टोबरात दुसऱ्या टोकाला काही जोडलेलंच नव्हतं. तुम्ही घरातल्या दाराची कडी धरून बसला असतात तरी तेवढंच झालं असतं. तुम्ही काही फिरवलं नाही. ब्रेक सुटला नाही. ब्रेकचा आवाज होणं शक्यच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग हे लिहायला काय झालं होतं. सांगतो.

ऑक्टोबरच्या बावीस तारखेला, रविवारी, व्हर्लिन रेडिओवर म्हणाला की ब्रेक अडकलाय आणि बेटवाले चार दिवसांत पोचतायत. मी म्हटलं, खाली कुणाला तरी खटका धरायला लाव, वर जाऊन बुडावर हातोडीने टकटक कर, सुटतो कधी कधी. एवढं बोललो आणि माझ्या टोमॅटोंबद्दल सांगायला लागलो. मीटर लाव असं म्हणालो नाही. मार्गारीनवाल्याला सांगितलं, घंटीवाल्याला सांगितलं, जन्मभर ज्याला त्याला सांगत आलो, आणि बावीस वर्षांच्या मित्राला सांगायचं राहिलं. त्याने मीटर लावलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की कॉइल मेली आहे आणि वर जाऊन ठोकण्यात काही अर्थ नाही. तो चढलाच नसता.

म्हणजे तुम्ही सुटलात की मी अडकतो. तुमचं फेब्रुवारीचं पत्र वाचून ते कुंभारणीचं घर आठवलं तेव्हा पहिल्या क्षणी मला तुमच्यासाठी आनंद झाला नाही, स्वतःसाठी भीती वाटली. अंत्यविधीला न येण्याचं कारणही तेच, कंबर नव्हे. आता लिहिलं आहे. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल तर ते बरोबरच आहे.

अँटेना उत्तरेला कशी गेली ते मात्र मला सांगता येत नाही. रोटर आग्नेयेलाच रुतलेला होता. व्हर्लिन सगळं नोंदवहीत लिहायचा, काय जेवला तेसुद्धा. तुम्हाला बघवलं तर शेवटची पानं बघा.

दगडवाल्याला फोन करा. आजच करा.

डेलमार


स्कोगलंड
२ एप्रिल १९९०

डेलमार,

डबा मिळून पंधरा दिवस झाले. लगेच लिहिलं नाही.

कुंभारणीचं घर खिडकीत ठेवलं आहे. कॉइलचा वास घेतला. ब्रेकचा आवाज होणं शक्यच नव्हतं, असं तुम्ही लिहिलंत आणि तिथे वाक्य संपवलंत. बरं केलंत. मग मी काय ऐकलं ते मला समजलं. तळघराचं जुनं दार लाकडी होतं, बाहेर जमिनीवर आडवं, टॉवरच्या अगदी पायथ्याशी. तो आवाज झाला तेव्हा मी म्हणाले होते, सुटला एकदाचा. हे आता मला घेऊन राहायचं आहे आणि त्याला तुमच्या तळघरात उपाय नाही.

त्यानंतर चार दिवसांनी खोली उघडली. ऑक्टोबरपासून बंद होती. नोंदवही टेबलावर, पेन तिच्या मध्ये. तेवीस तारखेला बिटाचं सूप. चोवीस तारखेचं पान मी फाडून सोबत ठेवत आहे, ते तुमचं आहे. तरी इथेही उतरवते, टपालात हरवलं तर.

"मंगळवार. जोराचा वारा. मीटर लावलं. ब्रेकची कॉइल मेली, शून्य. मीटरबुवाला सांगितलं तर उतरव आणि पाठव म्हणेल, बेट हातचं जाईल. उद्या वर जाऊन रोटरची अँटेनाच्या खांबावरची पकड सैल करतो आणि अँटेना हातानेच उत्तरेला फिरवतो. आर्डिसला खोलीत बसवतो, खटका धरायला देतो. म्हणजे खाली उभी राहून बोंबलणार नाही. पोर्क चॉप, बटाटे."

तर त्याने मीटर लावलं होतं, डेलमार. तुम्ही न सांगता. बावीस वर्षांत तेवढं त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्याला सगळं माहीत होतं आणि त्याने ते तुमच्यापासून लपवलं, बेटासाठी. टोमॅटोंचं मनाला लावून घेणं आता सोडा. तो तुमच्या युक्तीने गेला नाही. तुमची युक्ती त्याने फक्त माझ्यासाठी वापरली.

अँटेना त्याने हाताने फिरवली. उत्तरेला, बरोबर बेटाकडे. फार्गोची माणसं म्हणाली होती, एक अंशही इकडेतिकडे नव्हती. पकड पुन्हा आवळून होता होता जोराच्या वाऱ्यात तिने हिसका दिला असेल आणि तिचा फटका बसला असेल. किंवा पलीकडच्या बाजूला जायला त्याने पट्टा सोडला असेल. तो तसं करायचा. म्हणून तर मी ओरडायचे.

आणि मी आत. मेलेला खटका दोन्ही अंगठ्यांनी धरून.

तो मला कामाला लावून गेला नव्हता, गप्प बसवून गेला होता. एकोणीस वर्षं तो चढला आणि धड उतरला, आणि प्रत्येक वेळी मी खाली होते. त्या एका दिवशी त्याला शांतता हवी होती. पान वाचून झालं आणि मी वही भिंतीवर मारली. मग पेन. मग ते खटक्याचं खोकं उचललं, ते भारी निघालं, तर तेही मारलं. भिंतीचा गिलावा पडला. मी मोठमोठ्याने ओरडत होते, काय ते सांगत नाही, लुथरन बाईला शोभणारं नव्हतं. लॉयड टपाल घेऊन आला होता, तो दारातूनच मागे फिरला. मला राग आला आहे, डेलमार. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. पाच महिने मी लाकडासारखी होते आणि आता मला व्हर्लिनचा इतका राग आला आहे की सकाळी उठल्यावर तोच आधी उठून बसलेला असतो. संध्याकाळी गिलावा गोळा करताना एक टोकेरी तुकडा उजव्या अंगठ्याला टोचला. टोचल्याचं कळलं. रक्त आलं, मग रडूही आलं. पास्टरांना कळवलेलं नाही. उगाच कॉफी टाकावी लागेल.

मास्तरांना तुम्ही रोटर दिलाच आहे, तर दोन ओळी लिहा. चढण्याआधी मीटर लाव. आणि बायको खाली उभी राहून ओरडत असेल तर ओरडू दे.

एंगेब्रेट्सनला फोन केला. म्हटलं, नाव राहू दे. तो म्हणाला, "बरं झालं बाई, ग्रॅनाइट घासलं की तिथे वण राहतो आणि लोक विचारत बसतात." त्याने कारण विचारलं नाही, पण तुम्हाला सांगते. मला व्हर्लिनला खूप काही ऐकवायचं आहे आणि ते लांबून ऐकवता येणार नाही. शेजारीच जागा हवी. या वेळी त्याला मला कुठल्या खोलीत बसवता येणार नाही, आणि माझ्या हातात धरायला काही नसेल.

पहिला प्रश्न ठरलेला आहे. पट्टा लावला होतास का?

बर्निसला सांगा, कोलाचे पाठव. या वेळी रुमालात कुणासाठी बांधून ठेवणार नाही.

तुमची,
आर्डिस